रूपीच्या मशीनचं कापड

तलासरीच्या होजिअरी कारखान्यात चंद्रिकाचं काम कापडाचा अंत बघायचं. विणलेला तुकडा चौकटीवर ताणायचा, मधला एक टाका कात्रीने तोडायचा आणि पुन्हा ओढायचा. भोक जागच्या जागी राहिलं तर माल पास. टाक्यामागून टाका सुटत गेला तर सगळा ताका बाद.

त्या दिवशी सुपरवायझर तुषारभाईंनी आणून दिलेला तुकडा रूपीच्या मशीनचा होता. रूपी तिची सख्खी धाकटी बहीण. मारकुट्या नवऱ्याला सोडून सासरच्या गावाहून, कासाहून आली, तेव्हा बापाने दार लावून घेतलं. चंद्रिकानेच हातापाया पडून तिला इथे चिकटवलं, कारखान्याने दिलेल्या आपल्या खोलीत ठेवलं. काम गेलं की त्या खोलीत थारा नाही, म्हणजे रूपी परत त्या राक्षसाच्या दारात.

चंद्रिकाने टाका तोडला. कापड सरसर वरपर्यंत उसवलं. मोडक्या सुईवर मशीन चालवलं होतं बाईसाहेबांनी! मागे बाळ्या नावाच्या कामगाराने मोडकी सुई लपवली, तर त्याला उभ्या उभ्या हाकललं होतं.

"मेली, मला तरी सांगायचंस!" ती पुटपुटली. मग दुसऱ्या मशीनच्या चांगल्या ताक्यातून तिने तुकडा कापला, त्यावर रूपीच्या मशीनचा नंबर घातला आणि टाका तोडून तुषारभाईंपुढे धरला.

"पास आहे, भाई."

तुषारभाईंनी तुकडा घेऊन बाजूला ठेवला.

"चंद्रिकाबेन, सुई मोडल्याचं रूपीने सकाळीच येऊन सांगितलंय. घाबरून मशीन चालू ठेवलं, म्हणाली. आपणहून बोलली म्हणून शेठनी तिला माफ केलं. किती माल खराब झाला तेवढंच मला बघायचं होतं. आणि तुम्ही हे करता?"

खोटं बोलणारी टेस्टर कुठला कारखाना ठेवेल हो? दुपारीच तिचा हिशेब झाला आणि खोलीची किल्ली द्यावी लागली.

रूपीचं काम राहिलं, पण खोली चंद्रिकाच्या नावावर होती, नव्या कामगाराला मिळत नसे; मग राहायचं कुठे? बाप चंद्रिकाला घेईल, नवरा टाकून आलेल्या रूपीला नाही. नवरा सोबत नसलेल्या बाईला खोली द्यायला वस्तीत कुणी तयार होईना. दोघी दारोदार फिरल्या, काही उपयोग झाला नाही.

नाक्यावर कासाची जीप लागली. रूपी गाठोडं घेऊन चढली. चंद्रिकाने तिचा हात घट्ट धरला, पण थांब म्हणायला तोंड कुठे होतं?

"ताय," रूपी रडत म्हणाली, "मला एकदा विचारायचं तरी होतंस ग."