न तोडायची पानं

गोरिलाच्या शेणाची एडविजला कधी किळस आली नाही. कोपरापर्यंत हात घालून ती ते चाळणीत धुवायची, त्यातल्या बिया निवडायची, आणि हात धुऊन खुशाल जेवायला बसायची. किळस यायची ती संशोधन केंद्राचे संचालक मावुंगू यांच्या हाताची. "काय म्हणतंय आपलं संशोधन?" असं विचारत तो मऊ, कायम ओलसर हात खांद्यावर पडला की तिला खांदा घासून काढावासा वाटे. संशोधन 'आपलं' कधीपासून झालं, हे विचारायचीही तिला शिसारी यायची.

संशोधन पानांवरचं होतं. आरारुटाच्या कुळातलं झाड, रात्री पानं मिटून घेणारं. असली झाडं शहरातले लोक कुंडीत ठेवतात आणि पाहुण्यांना दाखवतात. इथे ओगोवे नदीच्या काठी ती माणसाच्या उंचीएवढी माजतात. जमिनीतून एक देठ, देठावर एक पान, ताटाएवढं. गाबोनमध्ये मासा त्यात शिजतो, कसावाच्या कंदाच्या पिठाची कांडी त्यात बांधली जाते. गावच्या बायका पानांचे भारे बांधून रेल्वे स्टेशनावर विकतात. एडविजच्या ओर्तांसमावशीने असले भारे वाहूनच भाचीला विद्यापीठात धाडलं होतं.

मग जंगल राखीव झालं. बायका पानं तोडून जंगल ओरबाडतात अशी राजधानीत ओरड सुरू झाली आणि बंदीची भाषा आली. पोरीला दोन वर्षं मोजू द्या, मग ठरवा, असं मावुंगूंनी वर कळवलं. सूचना एडविजची होती, पण ते असो. तिने जंगलात पट्टे आखले. काही पट्ट्यांत मावशी आणि तिच्या सोबतिणी आपल्या रीतीने पानं तोडत, म्हणजे कोवळी गुंडाळलेली सुरळी सोडून. बाकीच्या पट्ट्यांना दोरी बांधली होती, तिथे कुणी हात लावायचा नाही. दोन्हीकडे नवी पानं सारखीच फुटत होती. आज वनखात्याचे सचिव एसोन ते बघायला आले होते. आधी न तोडलेला पट्टा, मग ओढ्यापलीकडचा तोडलेला पट्टा दाखवायचा, की बंदी टळली आणि मावशीचं पोट वाचलं.

पण आधी जेवण. स्वयंपाकाला मावशीलाच बोलावलं होतं. व्हरांड्यात सचिव, त्यांची माणसं, मावुंगू आणि एडविज बसले, प्रत्येकापुढे निखाऱ्यावर भाजलेला माशाचा पुडा आला. पाहुण्याचा पुडा अख्ख्या एका पानाचा लागतो. दोन पानं जोडून बांधला तर पाहुण्याला कमी लेखल्यासारखं होतं, आणि पाहुणा ते विसरत नाही. आजची पानं एवढी मोठी आणि तुकतुकीत होती की एडविजलाही कौतुक वाटलं. दोन घास तिने चवीने खाल्ले.

मग तिने पुडा पुरता उलगडला. आत दुमडलेल्या टोकाशी बारीक भोकं होती, एका सरळ ओळीत. किडा असा रांगेत खात नाही. ती भोकं तिनेच पाडली होती, पानाचं वय कळावं म्हणून, दोरीच्या आतल्या पानांना.

तोंडातला घास गिळवेना. तिने तो सगळ्यांसमोर हातात काढला, पान उचललं आणि सरळ स्वयंपाकघर गाठलं.

"मावशी, पानं कुणी आणली?"

"इथल्या गार्डने. सकाळी भारा टाकला दारात, म्हणाला केंद्रातलीच आहेत." मावशी खुशीत होती. "मला वाटलं तूच धाडलीस. म्हटलं, पोरीचं मोजून झालं वाटतं, आठवण झाली मावशीची."

"भोकं नाही दिसली?"

"दिसली की. म्हणून तर टोक आत दुमडलं. सचिवाला काय भोकाचं पान वाढू?"

एडविज पळतच दोरीपाशी गेली. दोरी जागच्या जागी होती, पण आत नुसती खुंटं. गार्डने सुरळ्याही सोडल्या नव्हत्या. त्या तोडून, निरुपयोगी म्हणून तिथेच फेकल्या होत्या आणि बुटांनी तुडवल्या होत्या. मघाचे दोन घास आठवले तशी ती वाकली आणि झाडाच्या बुंध्याशी ओकली.

"जेवणावरून अशी उठतात का गं?" मागून मावुंगू आले, दात कोरत. "लोक काय म्हणतील?"

"हे तुम्ही तोडायला लावलंत."

"मी म्हटलं, चांगली पानं आणा. चांगली पानं इथेच होती. राखली कुणी? तूच." ते हसले. दातांच्या फटीत माशाचा तंतू अडकला होता. "आता डोकं शांत ठेव. बायकांनी चोरली म्हणायचं. दोरीसुद्धा मानत नाहीत म्हणायचं. केंद्रात कायमची जागा निघतेय, तुझं नाव मी धरूनच ठेवलंय."

"आणि माझी मावशी काय विकणार?"

"भाची नोकरीला लागल्यावर मावशीला काय करायचंय विकून?"

हात खांद्यावर पडला. एडविजने तो दोन बोटांनी उचलून बाजूला केला, भाजीत निघालेली गोगलगाय काढावी तसा.

तोवर सचिव आले. मावुंगूंनी चेहरा पाडला. "बघा साहेब. आम्ही दोऱ्या बांधायच्या आणि बायकांनी..."

"बायकांनी नाही," एडविज म्हणाली. तिने हातातलं तेलकट पान सचिवांच्या नाकासमोर धरलं. "ही भोकं माझी. तुमच्या पुड्याच्या पानालाही असतील, जाऊन बघा. यांच्या सांगण्यावरून गार्डने तोडलीत. बायका तोडतात ते पट्टे त्या ओढ्यापलीकडे आहेत. चला, दाखवते. गच्च भरलेत."

सचिवांनी ओढ्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. चिखल होता. ते मावुंगूंकडे वळले. "म्हणजे तुमचीच माणसं तुम्हाला आवरत नाहीत."

मावुंगू खाली बघू लागले. एडविजला वाटलं, जिंकले.

"मग गावाला कोण आवरणार?" सचिव म्हणाले. "तोडणंच बंद करून टाकू. सरसकट. उगाच वाद नकोत." आणि मान हलवणाऱ्यांत मावुंगू पहिले होते. वर ते एडविजकडे बघून समजूतदारपणे हसले. सचिव त्यांच्या पाठीवर थाप मारून मागे फिरले. ओढ्यापलीकडे कुणी फिरकलंच नाही. असल्या माणसांना ताटं वाढली याचीच तिला लाज वाटली.

गाडी निघायच्या आधी सचिव स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. बातमी तिथे आधीच पोचली होती. मावशी पातेल्याशी उभी होती, चेहरा उतरलेला.

"बाई, मासा फक्कड झाला होता. वाटेत खायला चार पुडे बांधून दे."

"पानं संपली, साहेब."

"त्यात काय?" सचिवांनी गार्डला खूण केली. "जा रे, चार पानं तोडून आण. एवढं जंगल पडलंय. चार पानांनी त्याला काय होतंय?"

गार्डचा हात कमरेच्या कोयत्याकडे गेलाच होता.

"काही होत नाही," एडविज म्हणाली. "दोन वर्षं मी तेच मोजत होते."