मामंजींचं नाव आलं की

"आणि मग देव त्याला म्हणाला, हे..." मामतोलो थांबली. घसा खाकरला. बोट मात्र ओळीवर दाबून धरलं, नाहीतर ओळ हातची जायची.

समोर चटईवर तिची मोठी नणंद, माराडेबे, वाफेवरचा पाव चघळत बसली होती.

"वन्सं, नाव आलं."

"ऐकलं. तोंडात घास आहे."

"मग गिळा की. देव ताटकळलाय तिकडे."

"माझ्या वडिलांसाठी थांबेल तो." माराडेबेने सावकाश घास गिळला, वर चहाचा घोट घेतला, खांद्यावरचं ब्लँकेट सारखं केलं आणि शाळेत हजेरी घेतात तशा खणखणीत आवाजात म्हणाली, "याकोब!"

"हां," मामतोलो म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

त्या टेकडीवरच्या घरात रोज सकाळी हेच चाले. मामतोलोच्या सासऱ्यांचं नाव याकोब. सून म्हणून या घरात पाऊल टाकलं तेव्हापासून ते नाव तिच्या जिभेवर आलेलं नव्हतं. सासरे वारून, त्यांच्यामागे नवराही वारून किती पावसाळे गेले, तरी नाही. सून सासऱ्याचं नाव घेत नाही आणि त्याच्या झोपडीच्या दारावरून जात नाही. पाण्याची बादली डोक्यावर असली तरी मागून वळसा घालून जाते. हल्लीच्या पोरी सासऱ्याला फोन करून "काय म्हणता" विचारतात. ते त्यांचं त्यांना लखलाभ. मामतोलो तसल्यांतली नव्हती आणि नाही याचा तिला गर्व होता.

आता सासऱ्यांचं नाव दुसरं काही असतं तर चाललं असतं. पण हे नाव बायबलात पानोपानी. पूर्वी माराडेबेच वाचायची, ती चांगली सातवी शिकलेली. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली ती बायबल काखेत मारूनच. मग साखरेच्या आजाराने तिचे डोळे नेले आणि वाचायचं काम तिसरी नापास मामतोलोच्या गळ्यात पडलं. डोळे एकीचे, नाव दुसरीचं, असा कारभार सुरू झाला. बायबलाच्या पहिल्या पुस्तकात तर माराडेबेला चहा प्यायला फुरसत मिळेना.

"एक सांगू, वन्सं?" त्या दिवशी पुस्तक मिटताना मामतोलो म्हणाली. "हा देव सगळं तुमच्या वडिलांशीच बोलतो. शिडी दाखवतो त्यांना, कुस्ती खेळतो त्यांच्याशी, मेंढरं वाढवतो त्यांची. मी आपली रोज वाचते, दुसऱ्याच्या घरचं आलेलं पत्र वाचावं तशी."

"मग? दादा होतेच तसे."

"कसे? बैल हरवला की मला शिव्या घालायचे."

"तू नीट बांधला नसशील."

मामतोलो हसली, पण बोलली ते खोटं नव्हतं. रोज वाचून वाचून तिला त्या देवाची सवय झाली होती. रागावतो, रुसतो, पुन्हा मागे फिरून येतो. तिला तो आवडायला लागला होता, आणि तिथेच दुखत होतं. त्याचं सगळं प्रेम दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर होतं.

आणि मग एका सकाळी, चुलीवर मक्याची लापशी रटरटत असताना, ती एकटीच पुढचं पान चाळत होती आणि एक वाक्य सापडलं. देव म्हणत होता, ज्याने तुला घडवलं तोच मी. भिऊ नकोस. मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे, तुला आपलं म्हटलं आहे.

लापशी करपली. माराडेबे आतून ओरडली तरी मामतोलो उठली नाही. काय ते वाक्य! आजवर तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं, नवराही नाही. तो बिचारा सोन्याच्या खाणीत राबला आणि वर्षाकाठी चार दिवस घरी येऊन झोपला. पण वाक्याच्या दारातच मामंजी बसलेले. हे याकोबा, अशी त्याची सुरुवात. मागून वळसा घालून जावं, तर या वाक्याला मागचं दारच नव्हतं.

त्याच आठवड्यात चर्चचे तरुण पाळक न्डाबेनी माराडेबेच्या साखरेने सुजलेल्या पायाची विचारपूस करायला आले, तेव्हा या दोघी वाचत होत्या. ते दाराबाहेरच ऐकत उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, "आई, या रविवारी मंदिरात तुम्ही वाचा. तुम्हाला आवडेल ते."

मामतोलोचे कान गरम झाले. त्या मंदिरात वाचायला उठत त्या शिकलेल्या बायका. नाहीतर निवृत्त नर्स मामभेले, जी देवाचं वचन जेवणाआधी एक आणि जेवणानंतर एक अशा आवाजात वाचायची.

"वाचेन," ती म्हणाली आणि कुठलं ते सांगून टाकलं.

पाळक गेल्यावर माराडेबे म्हणाली, "त्यात दादा आहेत."

"म्हणून तर तुम्ही पुढच्या बाकावर बसायचं. मी खाकरले की नाव घ्यायचं."

"म्हणजे अडलंच तुझं माझ्यावाचून."

"तुमच्यावाचून नाही. तुमच्या बापावाचून."

बातमी टेकडी उतरून गेली आणि मामभेले चढून आली. "कशाला त्रास, मामतोलो? तुला ते नाव घेता येत नाही. मी वाचते ना."

"तू बस, मामभेले. तू वाचलंस की देवालाही झोप लागते."

शनिवारी दुपारी मामतोलो माराडेबेचा लाल ब्लाउज इस्त्री करून तिला घालून बघत होती. बायकांच्या मंडळाचा तो गणवेश, दोघींचाही. त्यावर पांढरी टोपी. कॉलरला पिन लावता लावता मामतोलोचा हात थांबला.

"वन्सं, लग्नाच्या दिवशी तुम्ही मला नवीन नाव ठेवलंत. जुनं इथेच विसरायचं, म्हणालात. नंतर ते नवंही कुणी घेतलं नाही. माहेरच्या कुळावरून सगळ्यांची मी मामतोलोच. आई गेली आणि माझं खरं नाव घेणारं कुणी उरलं नाही. देवाला तरी ते ठाऊक असेल का हो? त्याने हाक मारायची म्हटली तर कशी मारेल?"

माराडेबेने कॉलर चाचपली.

"पिन टोचतेय मला," ती म्हणाली.

"टोचू दे," मामतोलो म्हणाली आणि पिन लावली.

रविवारी मंदिर भरलेलं. पत्र्यावर ऊन तापत होतं, दाराशी कुणाची तरी कोंबडी घुटमळत होती. मामतोलो पुढे जाऊन उभी राहिली. बोट ओळीवर ठेवलं.

"आता तुला घडवणारा परमेश्वर असं म्हणतो," ती वाचू लागली, "हे..."

थांबली. खाकरली.

पुढच्या बाकावर माराडेबे ताठ बसली होती. दोन्ही हात काठीवर. तोंड बंद.

मामतोलो पुन्हा खाकरली, जरा जोरात. काही नाही. या बाईच्या तोंडात आत्ताही पाव आहे की काय! पाळकांनी मान वर केली. मागे दोन पोरी फिसकन हसल्या. पानावर ते नाव काळंभोर बसलेलं. एक शब्द, उच्चारला की झालं. पण जन्मभर पाळलेलं भर मंदिरात मोडायचं? की पुस्तक मिटून खाली बसायचं? तिच्या कपाळावर घाम आला.

मामभेले अर्धी उठली. "या..."

माराडेबेची काठी फरशीवर धाडकन आपटली. मामभेले बसली. मग तोच हजेरीचा, खणखणीत आवाज मंदिरभर गेला.

"थोझामा!"

लोक इकडेतिकडे बघू लागले. कोण थोझामा? या गावात तर कुणी नाही. एका म्हाताऱ्याने दाराकडे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

मामतोलोला ओळ दिसेना. बोट तिथेच होतं, अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. पण रोज सकाळी एकटीने वाचून वाचून ते वाक्य तिला पाठ झालं होतं. ती हळू म्हणाली, "भिऊ नकोस. मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे. तुला मी आपलं म्हटलं आहे." आणि पुढचं सगळं तिने न अडखळता वाचलं. पाण्यातून जाशील तेव्हा मी बरोबर असेन, विस्तवातून चालशील तेव्हाही. मामभेलेसुद्धा झोपली नाही.

घरी जाताना माराडेबेचा हात तिच्या खांद्यावर होता. पायवाट अरुंद, चढ उभा.

"इतकी वर्षं लक्षात होतं तुमच्या?" मामतोलोने विचारलं.

"थोझामा म्हणजे नम्र. मी तेव्हाच म्हटलं, ही नम्र नाही. म्हणून बदललं."

"आणि मामंजी? त्यांच्या जागी माझं घातलंत. त्यांना काय वाटेल?"

"त्यांना पुष्कळ जागा आहेत त्या पुस्तकात. एखादी सुनेला दिली तर काय बिघडलं?" मग जरा धापा टाकत, "उद्यापासून पुन्हा दादाच हां. सवय लावून घेऊ नकोस."

"नाही लावत."

थोडं वर गेल्यावर मामतोलो एकदम उभी राहिली. माराडेबे तिच्या पाठीवर आदळली.

"काय झालं गं? साप?"

"नाही. कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं."

माराडेबेने कान देऊन ऐकलं. वारा होता, गवत होतं, खाली दूर कुणाची तरी गुरं होती.

"मग ओ दे की," ती म्हणाली. "उभी काय राहिलीस?"

मामतोलोने वाऱ्याने कलंडलेली पांढरी टोपी नीट केली आणि त्या रिकाम्या टेकडीकडे तोंड करून म्हणाली, "ओ."