गुंगीची सुई

सगुणाबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं, पदर ओठांवर ओढला आणि वरची कवळी काढून हातरुमालात गुंडाळली. ती पुडी कुणाकडे द्यावी हे तिला कळेना. नर्सच्या हातात कागद होते, टेबलावर औषधांचा ट्रे होता. शेवटी तिने ती धाकट्या भावापुढे धरली.

"काय हाय हे?" अप्पारावाने विचारलं.

"दात," ती म्हणाली. कवळीशिवाय शब्द नुसता फुंकरीसारखा निघाला.

अप्पारावाने पुडी घेतली. आपल्या बहिणीला वरचे दात नाहीत हे त्याला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळत होतं. पुडी खिशात टाकावी की हातात ठेवावी याचा त्याने थोडा विचार केला आणि मग मूठ मिटून घेतली.

चार महिन्यांपासून सगुणाबाईचा घास अडत होता. आधी भाकरीचा, मग वरणात कुस्करलेल्या भाकरीचाही. छातीच्या मधोमध कुणी बोट लावून धरल्यासारखा तो थांबायचा. वर पाणी प्यायलं की कधी खाली जायचा, कधी पाण्यासकट परत यायचा. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. केदारखेड्याच्या घरात ती एकटी जेवायची, त्यामुळे कुणाला दिसायचा प्रश्न नव्हता. दिवाळीला लेक आली, मीना, तिने पाहिलं. आईला काही न विचारता तिने परस्पर मामाला फोन लावला.

मामा आला. अंतरवालीहून स्वतःची गाडी घेऊन आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आला. जालन्याच्या दवाखान्यात त्याने नंबर लावून ठेवला होता, सगळं विचारून ठेवलं होतं. जेवायला बसल्यावर त्याने तेही सांगितलं.

"उद्या दवाखाना झाला की अंबडला जाऊ, आक्का. रजिस्ट्रीचा दोन वाजताचा टायम भेटलाय. आबाच्या जमिनीचं हक्कसोड करून टाकू. सोमेश्वर वकिलानं कागद तयार करून ठेवलाय. तुझी सही अन् फोटो, अर्ध्या तासाचं काम. मंग तुला तिथूनच यष्टीत बसून देतो."

"बरं," सगुणाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात भाजी वाढली.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली होती. आता बहिणीचं कमी करायचं. गावात सगळ्याच बहिणी करत. भाऊ आहे तोवर माहेर, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं, आणि हिस्सा मागणाऱ्या बायकांच्या माहेरची दारं कशी लागतात हेही पाहिलं होतं. तरी रात्री तिचा डोळा लागला नाही. तिला जमीन हवी होती असं नाही. नको होती असंही नाही. तो प्रश्न कुणी तिच्यापुढे ठेवलाच नव्हता.

"मावशी, आता नीट ऐका," नर्स म्हणाली. पोरगी पंचविशीची असेल. सुमेधा असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. "दुर्बीण दोन प्रकारांनी टाकता येते. एक सुई देऊन, एक बिनसुईची."

"बिनसुईचीच टाका," अप्पाराव म्हणाला. "तिला सुईचा धाक हाय. अन् आम्हाला दोनपर्यंत अंबड गाठायचंय."

सगुणाबाईने मान डोलावली. धाक खराच होता. शेजारच्या उषाबाईचा मालक ऑपरेशनच्या टेबलावर सुई घेऊन निजला तो उठलाच नाही. त्याची चूल थंड पडलेली तिने पाहिली होती.

"तसंच करू. पण दोन्ही सांगावं लागतं, पेशंटला," सुमेधा म्हणाली. 'पेशंटला' म्हणताना तिने खुर्ची ओढून सगुणाबाईच्या समोर घेतली, त्यामुळे अप्पाराव आपोआप बाजूला झाला. "बिनसुईचं म्हणजे घशात फवारा मारायचा. कडू लागतो. घसा लाकडासारखा होतो, थुंकी गिळलेली कळत नाही. मग दुर्बीण आत जाते, आपल्या करंगळीएवढी जाड. उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतं, ढेकरा येतात. पण श्वास बंद होत नाही, नाकानं घेत राहायचा. बोलता येत नाही तेवढं. पाच-सात मिनिटं. घशाचा बधिरपणा गेला की अर्ध्या-पाऊण तासात घरी."

"अन् सुईचं?"

हे सगुणाबाईने विचारलं होतं. अप्पारावाने घड्याळातून डोळे वर केले.

"सुईचं म्हणजे हाताच्या शिरेत गुंगीचं औषध. ऑपरेशनसारखं पूर्ण बेशुद्ध करत नाहीत. झोप लागते, हाक मारली तर ओ देता येते, पण नंतर बहुतेकांना काही आठवत नाही. बोटाला चिमटा लावतो, नाकाशी ऑक्सिजन असतो, आमचं लक्ष असतं. धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. पण थोडा. नंतर दोन तास इथंच पडून राहायचं. सोबतीला माणूस पाहिजेच, आणि आजची रात्र एकटं राहायचं नाही. उद्या ह्या वेळेपर्यंत गाडी चालवायची नाही, गॅसजवळ जायचं नाही, विळीवर बसायचं नाही. कुठल्या महत्त्वाच्या कागदावर सही-अंगठा करायचा नाही."

सगुणाबाईचा हात मांडीवर होता तो तसाच राहिला.

"सही काहून न्हाई?"

"गुंगी उतरल्यासारखी वाटते, मावशी, पण डोकं पूर्ण जाग्यावर आलेलं नसतं. माणूस समोर येईल त्याला हो म्हणतं. म्हणून चोवीस तास नाही."

बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. एक म्हातारा काठी टेकत उठला, त्याची सून त्याच्यामागे फाइल घेऊन गेली. सगुणाबाईने त्यांना दारातून आत जाईपर्यंत पाहिलं. चोवीस तास, ती मनाशी म्हणाली. एवढा वेळ तिला आजवर कुणी कशासाठीच दिला नव्हता.

"मला सुई द्या," ती म्हणाली.

अप्पाराव पुढे आला. "आक्का, तू तर सुईला भेत होतीस."

"भेतेच की."

"मंग?"

"भेत भेत घेते."

तो तिच्याकडे बघत राहिला. सगुणाबाईने नजर काढून घेतली नाही. तिला वाटलं, आता तो म्हणेल की सोमेश्वर बसून राहील, टायम परत भेटत न्हाई, पाच मिनिटाचं तर काम हाय आक्का, दात आवळून सोसून घे. दात तर त्याच्याच मुठीत होते. त्याने तोंड उघडलं, सुमेधाकडे पाहिलं आणि मिटलं.

सुमेधाने दोन कागद पुढे केले. एकावर सगुणाबाईने सही केली. चौथीपर्यंतच्या शाळेतली सही, अक्षर अक्षर जोडत, पाटीवर काढल्यासारखी.

"ही आजची शेवटची," सुमेधा हसून म्हणाली. "आणि इथं तुम्ही, भाऊ. सोबतचा माणूस. उद्यापर्यंत यांची जबाबदारी तुमची, असं लिहिलंय."

अप्पाराव सरपंचकीला उभा राहिलेला माणूस. त्याची सही एका झटक्यात व्हायची, खाली दोन रेघा मारून. आज त्याने आधी कागद वाचला. वरून खालपर्यंत, ओठ हलवत, सगळा वाचला. मग सही केली. खाली रेघ मारली नाही.

आतल्या खोलीत गारठा होता. सगुणाबाईला डाव्या कुशीवर निजवलं, पाय पोटाशी घ्यायला सांगितले. घशात फवारा मारला तसं तोंड कडू जहर झालं आणि हळूहळू जीभ कुणा दुसऱ्याची असल्यासारखी पडून राहिली. तोंडात भोक असलेलं एक प्लास्टिकचं कडं बसवलं. डॉक्टर डोक्याशी उभे होते. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज यायचा.

"नाकानं श्वास घ्या, मावशी. लाळ आली तर बाहेर वाहू द्या, गिळू नका."

पंजाच्या मागच्या बाजूला सुई टोचली, मुंगी चावावी तशी. आता सगुणाबाईला खरी भीती वाटली. नको म्हणावं, काढा म्हणावं, पण तोंडात कडं होतं. उठलेच न्हाई तर, तिला वाटलं. तर मीनाला कोण सांगंल. मीठ संपलंय घरातलं. सुमेधाने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो हात ऊन होता. त्या हाताकडे लक्ष द्यावं म्हणून तिने...

"कधी टाकता दुर्बीण?" सगुणाबाईने विचारलं.

"झाली की, मावशी. अर्धा तास झाला."

ती दुसऱ्याच खोलीत होती. खिडकीत ऊन होतं. अंगावर हिरवी चादर होती आणि पायाशी, लोखंडी स्टुलावर अप्पाराव बसला होता. तिला वाटलं हसू येतंय, पण तोंड जड होतं. आपण उठलो, एवढंच तिच्या मनात दोन-तीनदा आलं.

डॉक्टर आले. अप्पाराव उभा राहिला, तर त्यांनी त्याला बसायला सांगितलं.

"अन्ननलिका खालच्या टोकाला अरुंद झालीय. आम्लानं जखम झालीय, सूज आहे. दिसायला तर साधंच वाटतंय. पण दिसण्यावर जायचं नाही. छोटा तुकडा काढून तपासायला पाठवलाय, आठ दिवसांत रिपोर्ट येईल. तोवर ह्या गोळ्या आणि मऊ, पातळ जेवण. साधं निघालं तर तो भाग रुंद करता येतो. पुन्हा भाकरी खातील."

"अन् साधं न्हाई निघालं तर?" अप्पारावाने विचारलं.

"तर लवकर आलात असं म्हणू," डॉक्टर म्हणाले. "पण आजच कशाला तिथं जायचं?"

ते निघून गेले. सगुणाबाईला मधेच डुलकी लागायची, मधेच जाग यायची. प्रत्येक वेळी अप्पाराव त्याच स्टुलावर असायचा. एकदा जाग आली तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा पेला होता.

"तास होऊन गेला. सिस्टर म्हणली, घोट घोट पाज."

त्याने तिच्या मानेखाली हात घातला. पाणी कोमट होतं. सगुणाबाईने जपून घोट घेतला, थांबली, आणि तो खाली जाताना तिने डोळे मिटून घेतले.

"गेला?"

"गेला."

कवळी बसवून झाल्यावर तिने विचारलं, "मी काही बरळले का रे, गुंगीत?"

"न्हाई."

"खरं सांग."

अप्पाराव पेला विसळायला उठला होता. तो पाठमोराच बोलला. "सिस्टरनं तुला जागं करताना नाव विचारलं. पूर्ण नाव सांगा म्हणली. तर तू आपल्या आबाचं नाव लावून सांगितलंस. सगुणा रंगनाथ तौर. कागदावर तर जाधव हाय. सिस्टर माझ्याकडं बघाय लागली."

"मंग तू काय म्हणलास?"

"बराबर हाय, म्हणलं."

नळाचं पाणी वाहत होतं. पेला केव्हाच स्वच्छ झाला होता.

"तू शाळेत जायचीस तवा मास्तर हजेरी घ्यायचे," तो म्हणाला. "मी बाहेर पायरीवर बसून ऐकायचो. त्याच्यानंतर आज ऐकलं."

अडीच वाजता सुमेधाने त्यांना सोडलं. दंडाला धरून तिला जिना उतरवताना अप्पाराव प्रत्येक पायरीला थांबत होता. गाडीत त्याने पुढची सीट मागे पाडली, आपली शाल घडी करून तिच्या मानेखाली दिली आणि खिडकी बोटभर उघडी ठेवली. मग चावी लावली, तोच त्याचा फोन वाजला.

सगुणाबाईने डोळे मिटले. गाडीच्या शांततेत सोमेश्वरचा आवाज तिलाही ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते, पण घाई कळत होती.

"न्हाई सोमेश्वर, आज न्हाई जमायचं... सुई दिलीय तिला. सही करता येत न्हाई... हां, माहीत हाय टायम गेला ते." तो ऐकत राहिला. "उद्याचं? उद्या घेऊ म्हणतोस?"

तो थांबला. बाहेरून एक टेम्पो हॉर्न देत गेला. आपल्याकडे तो बघतोय हे सगुणाबाईला मिटल्या डोळ्यांनी कळलं. श्वास एकसारखा ठेवायची तिने खटपट केली.

"उद्याचं मी तिला विचारतो," अप्पाराव म्हणाला. "न्हाई, अजून विचारलंच न्हाई मी. विचारून सांगतो तुला. घाई करू नको."

फोन त्याने समोर ठेवून दिला. गाडी चालू होती, पण जागची हलली नाही. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते.

"आक्का," तो हळू म्हणाला, "झोपलीस का?"

झोपल्याचं सोंग तिला जमलं असतं. आयुष्यभर जमलं होतं. सगुणाबाईने डोळे उघडले, मानेखालची शाल नीट केली आणि सीटवर उठून बसली.

"न्हाई," ती म्हणाली. "जागी हाय. विचार."