अंधारातला उंदीर

“गेला का उजेडात?” भुजंगनं प्रयोगशाळेच्या दारातूनच विचारलं.

“नाही. पंजा झटकला, पण तिथंच बसलाय.”

मैथिलीनं जाळीखालून नायलॉनचा बारीक तंतू उंदराच्या सुजलेल्या पंजाला पुन्हा टोचला. पेटी अर्धी काळोखी, अर्धी लख्ख. उंदराला मुळात अंधारच आवडतो. पण अंधारात दुखरा पंजा टोचला जातो, उजेडात न दुखणारा. हे कळलं की तो आवडती जागा सोडून उजेडात जाऊन बसतो. वेदनाशामक लागू पडलं, तरच अंधारात राहतो. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं सलाईन, हे सुई देणाऱ्या भुजंगलाच माहीत. शेवटच्या उंदराची चाचणी होईपर्यंत त्यानं ते मैथिलीला सांगायचं नाही.

सोनपेठहून वडिलांचा, आप्पांचा फोन आला.

“पोळ्याला येणारैस ना?”

“बघते आप्पा. उंदरांचं चालू आहे.”

“त्यांनाबी पोळ्याची सुट्टी दे की.” आप्पा हसले. “मागल्या बारीला ओसरीतच चहा घेतलास अन् संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. मधल्या खोलीत पंखा बसवलाय गं आता.”

मधल्या खोलीला खिडकी नव्हती. लहानपणी उन्हाळ्यातल्या दुपारी तिथल्या गारव्यात मैथिली आईच्या दंडावर डोकं ठेवून झोपायची. त्याच खोलीत शेवटच्या दुखण्यात आई पडून होती. कूस बदलताना कळ दाबायला पदराचं टोक दातांत धरायची. आई गेल्यानंतर मैथिलीनं तो उंबरठा ओलांडला नव्हता. परभणीच्या हॉस्टेलात ती दिवा लावून झोपायची.

संध्याकाळी शेवटचा उंदीर झाला.

“तो अंधारात बसलेला,” ती म्हणाली, “त्याला औषधाचा चांगलाच गुण आला.”

“कसलं औषध? त्याला नुसतं सलाईन होतं.”

“मग बसला कसा?”

“असतो एखादा लय आडमुठा. एकट्यावरून काय सिद्ध होत न्हाई, बाई.”

ते खरंच होतं. तरी पिंजरा जागेवर ठेवताना मैथिली त्या उंदराकडे बघत राहिली. तो पंजा चाटत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी ती सोनपेठला उतरली. जेवणं झाल्यावर आप्पा सवयीनं ओसरीत तिची चटई अंथरू लागले. तिनं ती त्यांच्या हातून घेतली आणि मधल्या खोलीच्या उंबरठ्याशी क्षणभर थांबली.

“दिवा लावू का?” आप्पांनी हळूच विचारलं.

“राहू द्या.”

आईच्या जागी तिनं चटई टाकली, भिंतीकडे कूस वळवली आणि ओढणीचं टोक दातांत धरलं.