पोल्डीच्या नावावरची मेंढी

खांबावरचा कागद रोझविटानं तीनदा वाचला. पहिल्यांदा उभ्याउभ्या, दुसऱ्यांदा चष्मा पुसून आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं, शेजारच्या तंबूतल्या नवराबायकोलाही ऐकू जाईल असा.

"सावधान. पांढरी व्हॅन, जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गची नंबरपाटी. यांच्या कुत्र्यानं मंगळवारी वरच्या कुरणात मेंढीचा पाय फाडला. मालकानं गुन्हा कबूल केला आहे. अंब्रोस."

म्हणून आज सकाळी तिच्या व्हॅनच्या दाराला पावाची पिशवी लटकलेली नव्हती तर! चार दिवस तंबू आणि व्हॅन लावायच्या या मैदानाची मालकीण वाल्बुर्गा रोज गरम पाव आणून लावत होती, पोल्डीसाठी मांसाचा तुकडाही वेगळा बांधून देत होती. आज मात्र रोझविटाला समोरून येताना पाहून तिनं नळाची तोटी तपासायला घेतली, आणि मान वर न करताच म्हणाली, "संध्याकाळपर्यंत जागा मोकळी केलीत तर बरं होईल. लोक विचारतायत."

"काय विचारतायत?"

"लहान मुलं आहेत इथे, बाई. कुत्रा चावरा असला तर..."

रोझविटा पुढचं ऐकायला थांबली नाही. ती तरातरा व्हॅनकडे आली. तिचा नवरा कोर्बिनियान व्हॅनच्या पायरीवर बसून काळा पाव कापत होता. पायाशी घोंगडीवर तो चावरा कुत्रा झोपला होता. पोल्डीचं वय चौदा. बुटक्या पायांचा, लांबोडक्या अंगाचा, एका डोळ्यात मोतीबिंदू. दोन वर्षांपूर्वी पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्याचे मागचे पाय पुढच्या पायांना न विचारताच चालत. सपाटीवर अर्धा तास तो मजेत फिरे, पण चढ लागला की त्याला पाठीवरच्या सॅकमध्ये घालावं लागे. मग सॅकमधून डोकं बाहेर काढून तो आल्प्स बघत बसे.

"कोर्बी, मंगळवारी काय झालं?"

मंगळवारी तिचा गुडघा दुखत होता म्हणून ती खालीच थांबली होती, कपडे धुतले होते. हे दोघंच वर गेले होते. कोर्बिनियाननं सुरी खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले, आणि तेवढ्यावरूनच रोझविटाला कळलं की कागदावरचं शेवटचं वाक्य खरं आहे.

"वरती एक मेंढपाळ भेटला," तो म्हणाला. "फार चिडला होता. त्याची मेंढी खडकाखाली पडली होती, पायातून रक्त येत होतं. त्यानं पोल्डीला पाहिलं आणि ओरडायलाच लागला."

"पोल्डी कुठे होता?"

"सॅकमध्ये."

"सॅक कुठे होती?"

"माझ्या पाठीवर."

"आणि तू काय म्हणालास?"

कोर्बिनियान पावाकडे बघत राहिला. "मी म्हटलं, माफ करा."

"माफ करा?"

"तो रडकुंडीला आला होता, रोझी! कुणीतरी माफी मागायला हवी होती असं वाटलं. दोन शब्द बोलल्यानं आपलं काय जातं? तो लगेच शांत झाला. आणि मग मी त्याला ती बाटली..."

"कुठली बाटली?"

"नासपतीची."

तिच्या भावानं स्वतःच्या झाडाच्या नासपतींची गाळलेली ती दारू. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला उघडायची म्हणून तिनं मोज्यांत गुंडाळून आणली होती, आणि तो वाढदिवस शनिवारी होता.

रोझविटानं एकतीस वर्षं पोस्टात काढली होती, सायकलवरून पत्रं वाटत. बर्फात पडली होती, दोनदा कुत्रे चावले होते. पण एका घरचं पाकीट दुसऱ्या घरात टाकल्याचा बोल तिनं कधी लावून घेतला नव्हता. ज्याचं त्याला. आणि इथे तिच्या नवऱ्यानं कुणा दुसऱ्याच्या नावाची आलेली मेंढी सही करून स्वतःच्या घरात घेतली होती! तीही बिचाऱ्या पोल्डीच्या नावावर.

"पस्तीस वर्षं," ती म्हणाली, "पस्तीस वर्षं तू माझ्यासमोर हेच करतोयस. वेटरनं चुकीचं ताट आणलं तर तू माफी मागतोस. कुणी तुझ्या पायावर पाय दिला तर तू माफी मागतोस. ते तुझे पाय, तुझं ताट, मी काही बोलले नाही. पण हा कुत्रा माझाही आहे."

तिनं बूट चढवले, गुडघ्याला पट्टा बांधला, सॅक घेतली आणि झोपेत असलेल्या पोल्डीला उचलून आत घातलं.

"मी येतो," कोर्बिनियान उठला.

"तू इथेच बस आणि येणाऱ्याजाणाऱ्याची माफी माग."

लार्चच्या झाडांच्या जंगलातून वाट नागमोडी वर जात होती. पाटीवर दीड तास लिहिलं होतं, रोझविटाला सव्वादोन लागले. बारा किलोंचा पोल्डी सुरुवातीला कानाशी फुसफुसत होता, मग तिच्या मानेवर हनुवटी टेकून लाळ गाळू लागला. गुडघा प्रत्येक वळणावर ओरडत होता. पण रागाला एक बरं असतं, दम लागला तरी तो खाली बसू देत नाही. अंब्रोसला काय काय सुनावायचं याची तिनं चढताना तीन वेळा उजळणी केली, आणि दर वेळी त्यात एखादा नवा शब्द घातला.

कुरणावर लाकडी झोपडी होती. दारात एक धिप्पाड बाई चीजचे गोल फडक्यानं पुसत बसली होती. ही अंब्रोसची बहीण झेंझी. अंब्रोस कुंपणाचा खांब ठोकत होता. पन्नाशीचा, दाढीवाला, रापलेला.

"ये, ये," झेंझी म्हणाली. "दमलीस. ताक घेतेस?"

त्या डोंगरांत हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, मग समोर न्यायाधीश असो नाहीतर गुराखी. रोझविटाला हा रिवाज आवडे. आज मात्र ती म्हणाली, "नको. मला अंब्रोससाहेबांशी बोलायचंय. तुम्हीच का ते?"

अंब्रोसचा हातोडा थांबला. 'तुम्ही' ऐकून त्यानं बाईकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरच्या पोल्डीच्या डोक्याकडे, आणि त्याला कळलं.

"मिटलंय ते," तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्यानं कबूल केलंय."

"माझ्या नवऱ्याला विचारलं असतंत तर गेल्या वर्षीचा पूरही त्यानं कबूल केला असता! कुत्र्याला विचारलंत?"

तिनं सॅक उतरवली आणि पोल्डीला गवतावर ठेवलं. कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. पोल्डीनं हवा हुंगली, चार पावलं टाकली, पाचव्या पावलाला त्याचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि तो बदकन बसला. एक मेंढी कुंपणाशी येऊन त्याला निरखू लागली. पोल्डीनं तिला पाहिलंच नाही. ती मोतीबिंदूच्या बाजूला होती.

झेंझीला हसू आवरेना. अंब्रोस हसला नाही.

"दात तर असतील," तो पुटपुटला.

"मोजा."

"काय?"

"मोजा ना! या इकडे. बोट घाला, घाबरू नका, चावरा आहे तो!"

तिनं पोल्डीचा जबडा उघडून धरला. अंब्रोस गुडघ्यांवर बसला आणि खरोखरच त्यानं मोजले. वर दोन, खाली तीन. पोल्डीनं त्याचं बोट चाटलं.

"आता मला ती मेंढी दाखवा."

मेंढी गोठ्यात होती, मागच्या पायाला पट्टी. अंब्रोस पट्टी सोडायला तयार नव्हता. शेवटी झेंझीनं हात पुसले, आत आली आणि स्वतःच ती सोडली. जखमेच्या दोन्ही बाजूंना सुळ्यांच्या खुणा होत्या. रोझविटानं मधल्या जागेत बोटं ठेवली, चार मावली. मग तिनं पोल्डीच्या नाकाडावर बोटं ठेवली, तिथे दोनच पुरली.

मेंढी चघळत होती.

"हे तुम्हाला मंगळवारी दिसलं नव्हतं?" रोझविटानं विचारलं.

"दिसलं होतं," झेंझी म्हणाली. "त्याच रात्री मी याला म्हटलं, हे त्या शेंगेएवढ्या कुत्र्याचं काम नाही. हा शिकाऱ्याचा कुत्रा आहे. मागल्या वर्षीही त्यानंच..."

"झेंझी!"

"ओरडू नकोस माझ्यावर."

अंब्रोस उंबऱ्यावर बसला. दाढी खाजवत राहिला. "तुम्हाला काय," शेवटी तो म्हणाला. त्यालाही आता 'तू' म्हणायचा धीर होईना. "तुम्ही रविवारी गाडी सुरू करून निघून जाणार. शिकारी खाली गावात माझा शेजारी आहे. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ त्याच्याच यंत्रानं निघतो. त्याच्याशी मला जन्म काढायचाय. आणि तुमचा नवरा आपणहून माफ करा म्हणाला. मी म्हटलं, देवानंच धाडला."

रोझविटाला वाटलं होतं की अंब्रोस मूर्ख असेल, आंधळा असेल, फार तर दारुडा असेल. तिची सगळी तयारी त्या अंब्रोससाठी होती. पण या माणसाला सगळं ठाऊक होतं! भांडण नको म्हणून त्यानं गुन्हा अशाच्या गळ्यात बांधला होता ज्याला भुंकायलाही दम पुरत नव्हता. आणि तिकडे तिच्या नवऱ्यानं भांडण नको म्हणून तो गळा पुढे केला होता. एकाच माळेचे दोन मणी. यांचं दोघांचं छान जमलं असतं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," तिचा आवाज खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "तरी तुम्ही खाली जाऊन खिळा ठोकलात. त्या मैदानात लोक मुलांना आमच्यापासून दूर ओढतायत. आणि पुढची मेंढी? तिला कोण खाणार आहे, सांगून ठेवा, म्हणजे आमची व्हॅन तेव्हा कुठे असेल ते बघते."

"काढतो मी कागद."

"काढायचा नाही. काढला तर लोकांना वाटेल वाऱ्यानं उडाला. खाली लिहायचं."

झेंझीनं आतून पेन आणि चीजच्या वेष्टनाचा कागद आणला. अंब्रोस गुडघ्यावर कागद ठेवून लिहू लागला, रोझविटा उभी राहून सांगत होती. "वरचं खोटं आहे. त्या कुत्र्यानं काही केलेलं नाही. चूक माझी आहे." 'माझी' या शब्दापाशी त्याचं पेन बराच वेळ अडलं.

तेवढ्यात वाटेवर धापा टाकत कोर्बिनियान आला. घामानं निथळत होता. हातात पोल्डीच्या संधिवाताच्या गोळ्यांची डबी होती.

"बाराची गोळी राहिली होती," तो म्हणाला आणि अंब्रोसकडे वळला. सवयीनं त्याचं तोंड उघडलं. "माफ..."

"कोर्बी!"

तो थांबला.

"मंगळवारची परत घे," रोझविटा म्हणाली.

"परत कशी घेणार?"

"दिलीस तशी. तोंडानं."

कोर्बिनियाननं डबी या हातातून त्या हातात केली. "माझा कुत्रा," तो म्हणाला, "माझ्या पाठीवर होता. त्यानं काही केलं नाही. मी माफी मागायला नको होती."

"ठाऊक आहे," अंब्रोस जमिनीकडे बघत म्हणाला.

"आणि बाटली," रोझविटा म्हणाली.

झेंझीनं बाटली आणून दिली. अर्धी होती. रोझविटानं ती उजेडात धरून पाहिली, बूच घट्ट केलं आणि सॅकच्या कप्प्यात घातली.

उतरताना पोल्डी कोर्बिनियानच्या पाठीवर होता. अर्धी वाट उतरून झाल्यावर तो म्हणाला,

"मला भांडता येत नाही, रोझी."

"माहीत आहे. कोण म्हणतंय भांड? पण पोल्डीला बोलता येत नाही. तुला येतं."

दहा-पंधरा पावलं गेली.

"मी पाहिला होता तो," कोर्बिनियान म्हणाला.

"कोण?"

"मोठा पिवळा कुत्रा. मंगळवारी. खडकामागून पळत गेला. गळ्यात हिरवा पट्टा."

रोझविटा वाटेतल्या दगडावर बसली. तिला वाटलं होतं की आजचा राग संपला, पण तळाशी आणखी होता. "पाहिलास? आणि त्या माणसाला सांगितलं नाहीस?"

"तो बोलूच देत नव्हता. मग माफी मागून झाली. मग उशीर झाला."

ती खूप वेळ दगडावरून उठली नाही. तो समोर उभा राहिला, पाठीवर कुत्रा घेऊन, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा. उठल्यावर ती त्याच्या पुढे चालू लागली आणि खालीपर्यंत मागे वळली नाही.

मैदानात तिनं अंब्रोसचा कागद पहिल्या कागदाखाली स्वतः ठोकला. वाल्बुर्गानं तो वाचला, गोरीमोरी झाली. म्हणाली, "राहा हवं तितकं, मला काय माहीत होतं..."

"रविवारपर्यंतचं सांगितलं होतं. रविवारपर्यंतच राहणार," रोझविटा म्हणाली, आणि खुर्ची व्हॅनच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशी मांडून बसली. मांडीवर पोल्डी.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंझी डोंगरावरून उतरली. धुतलेला झगा, हातात काठी. मैदानाच्या कडेनं रस्ता ओलांडून ती शिकाऱ्याच्या घराच्या दिशेनं निघाली. एकटीच होती. अंब्रोस आला नव्हता.

कोर्बिनियाननं तिला पाहिलं. कॉफीचा पेला खाली ठेवला आणि बुटांच्या नाड्या बांधू लागला. एक गाठ दोनदा सुटली.

"कुठे?" रोझविटानं विचारलं.

"तिनं काही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय."

रोझविटा त्याच्याबरोबर गेली नाही. पोल्डीला मांडीवर घेऊन बसून राहिली. पाऊण तासानं शिकाऱ्याच्या अंगणातून आरडाओरडा ऐकू आला, जाड पुरुषी आवाज, मग झेंझीचा, आणि मध्येच, एकदाच, कोर्बिनियानचा. काय बोलला ते इतक्या लांबून कळलं नाही. पण तो त्याचाच आवाज होता, आणि चढा होता.

परत आला तेव्हा त्याचे कान जांभळे झाले होते.

"म्हणतो, मी खोटारडा जर्मन आहे. रेगेन्सबुर्गला परत जा म्हणाला."

"आणि कुत्रा?"

"बांधलाय. झेंझीनं त्याच्यासमोर सरपंचाला फोन लावला तेव्हा बांधला. पुन्हा सोडणार नाही म्हणतो. बघू."

"तू काय म्हणालास त्याला?"

"हिरवा पट्टा म्हटलं. तीनदा म्हटलं." तो पायरीवर बसला. "रोझी, माझे पाय अजून कापतायत."

"कापू देत," ती म्हणाली, आणि त्याची गार झालेली कॉफी पुन्हा गरम करायला आत गेली.