डाव्या हाताची किल्ली

कादंबऱ्यांत शोधाला निघणारे लोक चांगले उंचेपुरे, निधड्या छातीचे असतात. मी निघालो तो पित्ताच्या गोळ्या खिशात टाकून, आणि तोही ताईने दटावलं म्हणून. "बाबांनी दवाखान्यात दादाचा धोशा लावलाय. त्याला आणल्याशिवाय तोंड दाखवू नकोस," ती म्हणाली.

दादाला शोधायची मला मुळीच हौस नव्हती. तो सापडला की माझं बिंग फुटणार होतं.

आमचं किल्ल्यांचं दुकान. अकरा वर्षांपूर्वी एका ओळखीच्याने साबणावर घेतलेला ठसा आणला आणि मी काही न विचारता त्याला किल्ली घासून दिली. त्या किल्लीने आमच्याच एका गिऱ्हाइकाचं घर साफ झालं. चोर ती आमच्या दुकानाचा शिक्का असलेली किल्ली दारातच विसरला. गिऱ्हाइकाने ती बाबांच्या पुढ्यात आपटली. "ज्याने केली त्याला आजच्या आज हाकला, नाहीतर मी पोलिसांत जातो." बाबांनी किल्ली भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली. माझी पाचावर धारण बसली. "दादाने केली," मी म्हणून गेलो. दादा माझ्याकडे बघतच राहिला. त्याच संध्याकाळी बाबांनी त्याला घराबाहेर काढलं.

तो कुठल्या शहरात आहे एवढंच ताईला कळलं होतं. माझा बेत सोपा होता. किल्ल्यांच्या दोन दुकानांत विचारायचं, चहा प्यायचा आणि "सापडला नाही" म्हणत परतायचं. पण नशीब बघा, पहिल्याच दुकानात दादा. केस पांढरे, हातात कानस.

बाबांचं ऐकताच त्याने काम बाजूला ठेवलं आणि शर्ट चढवला. मी घाबरलो.

"दादा, एवढं कर. ती किल्ली मी केली होती, हे आता बाबांना सांगू नकोस. त्यांना सोसायचं नाही."

बटण लावता लावता तो थांबला. "तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अरे, तू डावखुरा. तुझ्या खाचांचा उतार उलटा पडतो. बाबांनी भिंग लावलं तेव्हाच ओळखलं."

मी तिथेच स्टुलावर बसलो.

"मग तुला का काढलं?"

"एकाला तर काढायचंच होतं. दारापर्यंत सोडायला आले तेव्हा मला म्हणाले, 'तू कुठेही पोट भरशील. हा बाहेर चार दिवस टिकायचा नाही.'"

अकरा वर्षं मी बाबांना फसवतोय याच धास्तीत जगलो. रोज त्यांच्या शेजारी बसून त्याच डाव्या हाताने किल्ल्या घासल्या. आणि ते चकार शब्द बोलले नव्हते.

दादाने शटर ओढलं. "ऊठ. मला बाबांना एकच विचारायचंय."

"काय?"

"मी टिकेन, हे त्यांना कोणी सांगितलं होतं?"