रेघेखाली चार बोटं

मित्रांनो, या पृथ्वीतलावर जे जे धावते ते सारे श्वासावर धावते. बैल श्वासावर धावतो, पुढारी श्वासावर धावतो, आणि मोटारगाडी धावते तीही श्वासावरच. अशा एका गाडीच्या इंजिनाला थंडगार श्वास पुरवण्याचे थोर कार्य ज्याच्या हातून घडले, तो तुमच्यासमोर उभा आहे.

मी एक जुना पाईप आहे. संडासाच्या टाकीचा.

रामाकोन्याच्या अलीकडे, नाल्यापलीकडच्या संत्र्याच्या बागेत रघुनाथराव गुरुजींचे घर आहे. त्या घरामागच्या टाकीवर उभे राहून आतली हवा वर सोडायची, हे माझे पहिले काम. माझे कौतुक कोणी केले नाही. तक्रारही कोणी केली नाही, आणि त्या धंद्यात तक्रार नसणे हेच कौतुक धरतात. पुढे टाकी नवी झाली, तिला नवा पाईप आला, आणि मी गोठ्यामागे आडवा झालो. माझ्यात एक विंचू राहायला आला. भाडेकरू म्हणून तो शांत होता.

गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. घरापासून रस्त्याकडे जाताना नाल्यावर एक ठेंगणा पूल लागतो. त्याला आमच्याकडे रपटा म्हणतात. पावसाळ्यात पाणी त्याच्यावरून वाहते. गुरुजींनी रपट्याशेजारच्या दगडी खांबावर एक लाल रेघ ओढून ठेवली होती. पाणी रेघेच्या वर गेले तर गाडी काढायची नाही. रेघेला टेकलेले किंवा खाली असले तर खुशाल काढायची. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून झाली की उरलेल्या रंगाने ते ती रेघ पुन्हा गिरवत, पट्टी लावून. त्या रेघेने त्यांना कधी फसवले नव्हते.

गुरुजींच्या पत्नी अंबाबाई. त्यांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला नागपूरला न्यावे लागे. गाडी होती, पण म्हातारी. मे महिन्यात एसी लावला की तिला धाप लागे. ट्रकला मागे टाकायचे तर एसी बंद करावा लागे, आणि एसी बंद झाला की अंबाबाईंचा जीव कासावीस होई. त्या पदराने वारा घेत.

गाडी चालवायचा तो त्यांचा पुतण्या वैभव. सौंसरला मोटारपंपाच्या दुकानात तो वाइंडिंग करतो. हात चांगला, आणि रिकाम्या वेळात मोबाईल पाहायची सवय. एका रविवारी तो मोबाईल घेऊनच आला.

"मोठे बाबा, हे पाहा. इंजिन बोनेटातली गरम हवा घेऊन राहिलं. त्याले बाहेरची थंडी हवा देली तं ताकद वाढते. मंग मोठ्या आईले एसी बंद नाही करा लागत."

"आणि हवा आणशीन कुठून?" गुरुजी म्हणाले.

"पाईपातून."

असा मी उठलो. विंचवाने जागा बदलली.

वैभवने मला धुतले. कितीदा धुतले ते विचारू नका. मला करवतीने कापले, चुलीच्या निखाऱ्यांवर मऊ करून वाकवले, मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे जोडांवर चढवून क्लिपा आवळल्या. अंगाला काळा रंग दिला. तोंडावर नागपूरहून आणलेले शंकूच्या आकाराचे फिल्टर बसवले. गाडीचे हवा ओढायचे जुने नाक वर, दिव्याच्या उंचीवर होते. माझे तोंड त्याने खाली, पुढच्या बंपरच्या आत सोडले, कारण थंड हवा तिथेच मिळते. मोबाईलमध्ये तसेच होते. मोबाईलमध्ये नाला नव्हता.

शेजारचे भगवंतराव ट्रॅक्टर उभा करून सारे पाहत होते.

"गुरुजी, हा तं तुमच्या संडासाचा पाईप दिसून राहिला."

"होता," गुरुजी म्हणाले.

"मंग गाडी आता मांगून धुपट सोडन का समोरून?"

गाडी सुरू झाली आणि असा घुमारा निघाला की गोठ्यातल्या बैलांनी माना वळवल्या. ताकद वाढली की नाही, हे मी तिच्या नाकात राहूनही सांगू शकत नाही. आवाज मात्र वाढला होता, आणि आवाज वाढला की ताकद वाढली असे आपल्याकडे निवडणुकीपासून मोटारीपर्यंत सगळीकडे मानतात. त्या उन्हाळ्यात एसी एकदाही बंद झाला नाही. अंबाबाई डोळे मिटून बसत. एकदा सावनेरजवळ त्या म्हणाल्या, "वैभव, माह्या माहेरच्या विहिरीजोळ असंच गार लागे." वैभव पुढे बसून नुसता हसत राहिला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली स्तुती एवढीच. पण ती टाकीवर कधीच मिळाली नसती.

कोरड्या दिवसांत खांबाजवळून जाताना मला ती लाल रेघ दिसे. ती माझ्या तोंडाच्या चार बोटे वर असे. मी तिला मनातल्या मनात नमस्कार करी. जो वर असतो त्याला करतातच. चार बोटांचा अर्थ काय, याचा विचार मी केला नाही. वैभवने खांबाकडे पाहिले नाही, कारण रेघ गुरुजींची होती. गुरुजींनी बंपरखाली वाकून पाहिले नाही, कारण पाईप वैभवचा होता. घरात दोघांचाही एकमेकांवर पूर्ण विश्वास होता.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला. पोळ्यापर्यंत नाल्यात पाणी जेमतेम होते. पोळ्याच्या दिवशी अंबाबाईंची नागपूरची पाळी होती. "बैलाच्या सणाले मी घर सोडत नसते," त्या म्हणाल्या. "उद्या जाऊ." बैलांना ओवाळताना त्या दोनदा ओसरीवर टेकल्या. संध्याकाळी गुरुजींनी रेघ गिरवली, आणि पावसाने रात्रभर आपली उरलेली सगळी कसर भरून काढली.

सकाळी अंबाबाईंना पाठ टेकवता येईना. आडवे झाले की दम कोंडे. वैभव सणासाठी मुक्कामालाच होता. त्याने रुग्णवाहिकेला फोन केला. फोनवरची बाई नीट बोलली. पण तो पोळ्याचा दुसरा दिवस, पांढुर्ण्याच्या गोटमारीचा. नदीच्या या काठाने त्या काठाला दगड मारायचे, हे ठरलेले. डोकी फुटणार हेही ठरलेले, म्हणून गाड्या तिकडे आधीच उभ्या. जवळपास होती ती इकडे यायला निघाली होती, पण तिला वेळ लागणार होता. किडनीला गोटमारीसारखी तिथी नसते, हीच तिची अडचण.

गुरुजी छत्री घेऊन खांबापर्यंत गेले आणि वाकून पाहून आले.

"टेकलं हाय. वर नाही. काढ गाडी."

"पक्कं नं, मोठे बाबा?"

"रेघ दिसून राहिली नं मले."

ती खरोखरच दिसत होती. ताजी, सरळ, लाल. पाणी तिला नेमके टेकले होते.

गाडी रपट्यावर उतरली. मागच्या सीटवर अंबाबाई ताठ बसून हवा ओढत होत्या, आणि बोनेटखाली मी ओढत होतो. आम्हा दोघांचे एकच काम चालले होते. "एसी लाव नं रे बाबू," त्या म्हणाल्या. "लावला नं, मोठी आई," वैभव म्हणाला.

अर्ध्या रपट्यावर मी हवेऐवजी पाणी ओढले.

मी थांबू शकलो नाही. पाईपाला थांबता येत नाही, त्याला फक्त दोन तोंडे असतात. इंजिनात हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. आत ठक्क असा आवाज झाला आणि घुमारा बंद पडला. मग पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

"पुन्हा मार सेल्फ," गुरुजी म्हणाले. वैभवने मारला. आतले जे वाकायचे उरले होते तेही वाकले.

भगवंतराव ट्रॅक्टर घेऊन धावले. ट्रॅक्टरचे नाक बोनेटच्याही वर असते, हे मी तोवर लक्ष देऊन पाहिले नव्हते. तो त्याच पाण्यातून सहज आला. अंबाबाईंना उचलून ट्रॉलीत घेतले. वर कापूस झाकायची ताडपत्री धरली. गुरुजींनी त्यांना मागून आधार दिला आणि वैभव पदराने वारा घालत राहिला, पाऊस पडत असताना. मला शेवटचे दिसले ते एवढेच.

सौंसरपर्यंत त्या पोचल्या नाहीत. फुप्फुसात पाणी भरले होते, असे डॉक्टरांनी सांगितले. हे मला तेरवीला आलेल्या लोकांच्या बोलण्यातून कळले. त्याचा अर्थ मात्र मला समजावून सांगावा लागला नाही.

पाहुणे गेल्यावर वैभवने गाडीचे बोनेट उघडले आणि क्लिपा न सोडता मला उपटून काढले. नाल्याच्या काठावर नेऊन डोक्याच्या वर उचलले. गुरुजी मागे येऊन उभे होते. त्यांच्या एका हातात रंगाचा डबा होता, दुसऱ्यात पट्टी.

"ठेव त्याले खाली."

"मीच लावला होता, मोठे बाबा. मीच."

"तू तिच्यासाठी लावला. मी रेघ पाहिली, तुहा पाईप नाही पाहिला. आता डबा धर, मले वाकता येत नाही नीट."

वैभवने मला गवतात ठेवले आणि डबा धरला. गुरुजींनी मला खांबाला लावून गाडीत माझे तोंड जिथे येई ती उंची मोजली. जुनी रेघ खरवडून काढली आणि नवी ओढली, त्या उंचीच्याही बरीच खाली.

"गाडी तं भंगारात चालली," वैभव म्हणाला. "आता रेघ कायले?"

"लोकायच्या गाड्या जातेत."

पट्टी लावली होती, तरी मित्रांनो, ती रेघ वाकडी आली. गुरुजींची पहिली वाकडी रेघ. त्यांनी ती पुसली नाही. वैभव तेव्हापासून दर रविवारी येतो, खांबापाशी थांबतो, आणि मोबाईल खिशातच ठेवतो.

टाकीवरचा नवा पाईप मध्यंतरी वानरांनी मोडला. गुरुजींनी मला उचलले, बराच वेळ हातात धरले, आणि तिथे बसवले. आता मी पुन्हा हवा वर सोडतो. काळा, वाकडा, गळ्याला ट्यूबचा तुकडा. इथून रपटा दिसतो, खांबही दिसतो.

आता या आत्मवृत्तातून काय घ्यावे ते तुम्ही शहाणे आहात, तुमचे तुम्ही घ्या. माझे मागणे लहान आहे. तुमच्यापैकी कोणी रामाकोन्याकडे आलेच, तर येताना मच्छरदाणीचा एक तुकडा आणा आणि माझ्या तोंडाला बांधा. विंचू परत आला आहे, आणि या वेळी तो एकटा नाही.